न पाहिलेल्या बेडकाचे जर्नल : आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या कुलगुरूंना खुले पत्र

मा. कुलगुरू,
महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ,
दिंडोरी रोड, म्हसरूळ, नाशिक



बेडकाच्या पोटरीच्या स्नायूला विजेचा एक झटका दिला की तो आकसतो आणि पुन्हा सैल पडतो. एवढ्याला सेकंदाचा साधारण दहावा हिस्सा लागतो. पहिले ०.०१ सेकंद काहीच घडताना दिसत नाही, पुढचे ०.०४ सेकंद आकसण्यात जातात आणि उरलेले ०.०५ सैल पडण्यात. शरीरक्रियाशास्त्राचे प्रॅक्टिकल केलेल्या डॉक्टरांच्या कित्येक पिढ्यांच्या जर्नलमध्ये हे तीन आकडे आहेत. एके काळी ते मोजले जात. फिरत्या नळकांड्यावर चकचकीत कागद गुंडाळायचा, त्यावर दिव्याची काजळी धरायची आणि स्नायूला बांधलेल्या तरफेचे टोक त्या काजळीत रेघ ओढत जायचे. आज बेडूक प्रयोगशाळेत येत नाही. तो येत नाही हे चांगलेच झाले. पण त्याने ओढलेली रेघ मात्र वहीत राहून गेली आहे. विद्यार्थी ती पुस्तकातून किंवा सिनियरच्या जर्नलमधून पेन्सिलीने उतरवतो, खाली तेच तीन आकडे लिहितो आणि सहीसाठी रांगेत उभा राहतो. या वहीबद्दल मला आपल्याशी बोलायचे आहे. १९९८ पासून राज्यातल्या ॲलोपॅथी, आयुर्वेद, होमिओपॅथी, दंत, परिचर्या अशा सर्व आरोग्य शाखांचे शिक्षण आपल्या विद्यापीठाच्या छत्राखाली आहे. तेव्हा या वहीचा कायदा बदलायचा तर तो म्हसरूळलाच बदलेल.

बेडूक का गेला, हे आधी नीट मांडले पाहिजे, कारण माझे म्हणणे तो परत आणा असे मुळीच नाही. १९६० च्या प्राणी-क्रूरता प्रतिबंधक कायद्याने प्रयोगांवर देखरेखीची सोय केली. पुढे बेडूक वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कक्षेत आला आणि १९८७ मध्ये त्याच्या तंगड्यांची परदेशी निर्यात थांबली. खाचरातला बेडूक किडे खातो, तो गेला की शेतकऱ्याला त्याची किंमत मोजावी लागते, हे तोवर लोकांच्या ध्यानात आले होते. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०११ मध्ये प्राणिशास्त्रातली विच्छेदने टप्प्याटप्प्याने कमी करायला सांगितली आणि २०१४ मध्ये ती थांबवण्याचा निर्णय घेतला. त्याच वर्षी तेव्हाच्या मेडिकल कौन्सिलने पदवीपूर्व वर्गासाठी जिवंत प्राण्यांऐवजी संगणकावरचे पाठ वापरण्याचा मार्ग घालून दिला. २०१९ पासून लागू झालेल्या क्षमताधिष्ठित एमबीबीएस अभ्यासक्रमात तर स्वच्छ लिहिले आहे, की बेडकाच्या चेता-स्नायूचे प्रयोग विद्यार्थ्याने संगणकाच्या मदतीने पाहावेत. केवळ वहीत एक आलेख काढायला मिळावा म्हणून दरवर्षी हजारो जीव मारणे कोणत्याही हिशेबात बसत नव्हते. कायद्याने ते थांबवले, अभ्यासक्रमाने स्वीकारले. जर्नलपर्यंत मात्र हा बदल पोचलाच नाही.

जर्नल म्हणजे काय, याचे उत्तर त्याच्या पहिल्याच पानावर असते. तिथे प्रमाणपत्र छापलेले असते, की अमुक विद्यार्थ्याने अमुक प्रयोग प्रयोगशाळेत समाधानकारक रीतीने पूर्ण केले आहेत. खाली शिक्षकाची सही, विभागप्रमुखाची सही, महाविद्यालयाचा शिक्का. म्हणजे ही वही एक साक्ष आहे. पण ती लिहिली जाते टेबलापाशी नव्हे, तर वसतिगृहात, सबमिशनच्या आदल्या रात्री, दुसऱ्याची वही शेजारी उघडी ठेवून. स्नायूंच्या आकृत्या एकसारख्या, रंग एकसारखे, निष्कर्ष शब्दशः एकच, आणि एखाद्या जुन्या वहीत झालेली चूक पुढच्या पाच वर्षांच्या वह्यांत जशीच्या तशी. हा आळशी मुलांचा दोष आहे असे मला वाटत नाही. जर्नल पूर्ण असल्याखेरीज परीक्षेला बसू देत नाहीत आणि पूर्ण म्हणजे पुस्तकाबरहुकूम, हे त्यांना पहिल्याच महिन्यात कळते. वेगळे काही लिहिले तर सही मिळत नाही. आपण त्यांच्याकडून जे मागतो तेच ती देतात. म्हणून मागणेच बदलायला हवे. जर्नलमध्ये विद्यार्थ्याच्या हाताला आणि डोळ्याला त्या दिवशी, त्या टेबलावर जे आले तेवढेच लिहिले जावे, आणि ते तिथेच लिहिले जावे. या पत्रातली मागणी एवढीच आहे.

एवढ्याशा गोष्टीसाठी कुलगुरूंना पत्र कशाला, असे कुणी म्हणेल. त्यावर माझ्याकडे सगळ्यात मोठा पुरावा आहे तो बेडकाच्याच एका स्नायूचा, त्याच्या हृदयाचा. लंडनचे डॉक्टर सिडनी रिंगर १८८० नंतरच्या दोन-तीन वर्षांत बेडकाचे हृदय शरीराबाहेर धडधडत ठेवण्याच्या खटपटीत होते. १८८२ मध्ये त्यांनी लिहिले, की मिठाच्या द्रावणात थोडी भर घातली की हृदय उत्तम चालते. नंतर तोच प्रयोग पुन्हा करताना हृदय साथ देईना. द्रावण तेच, मापे तीच, बेडूक तसाच. फरक होता पाण्याचा. आधीचे द्रावण डिस्टिल्ड पाण्यात नव्हे, तर लंडनच्या एका पाणीपुरवठा कंपनीच्या नळाच्या पाण्यात केलेले निघाले. त्या पाण्यात कॅल्शियम होते, आणि हृदयाच्या स्नायूला आकसायला कॅल्शियम लागते ही गोष्ट त्या नळातून जगाला कळली. रिंगर यांनी १८८३ मध्ये दुसरा लेख लिहून आपली चूक उघडपणे सांगितली. पाणी कुठले होते, हेही त्यात कंपनीच्या नावासकट लिहिले. त्या दुरुस्तीतून जे द्रावण तयार झाले त्यात १९३० च्या दशकात अलेक्सिस हार्टमन या अमेरिकी बालरोगतज्ज्ञाने लॅक्टेटची भर घातली, आणि आज नाशिकच्या सिव्हिल हॉस्पिटलपासून सुरगाण्याच्या ग्रामीण रुग्णालयापर्यंत अतिसाराच्या किंवा अपघाताच्या रुग्णाच्या उशाशी जी आरएलची बाटली लटकते, तिच्यातला आर म्हणजे हेच रिंगर. आता आपल्या पद्धतीचे जर्नल रिंगर यांच्या प्रयोगशाळेत असते तर काय झाले असते, याचा विचार करावा. साहित्य या मथळ्याखाली ‘मिठाचे द्रावण’ असे दोन शब्द लिहिले गेले असते. दुसऱ्या वेळी हृदय थांबले तेव्हा विद्यार्थ्याने शेजाऱ्याच्या वहीतून आलेख उतरवला असता आणि त्याखाली सही झाली असती.

उदाहरण परक्या भूमीतले म्हणून कुणाला दूरचे वाटत असेल तर सुश्रुतसंहितेचे शारीरस्थान घ्यावे. आपल्या विद्यापीठाशी संलग्न आयुर्वेद महाविद्यालयांत रचनाशारीर शिकवले जाते, अगदी पंचवटीत गणेशवाडीलाही. त्यातल्या पाचव्या अध्यायात मृत शरीर गवता-तागात गुंडाळून, पिंजऱ्यात ठेवून, संथ वाहत्या पाण्यात सात रात्री ठेवायला सांगितले आहे. मग वाळा, बांबू, केस अशांच्या कुंच्यांनी थर हलकेच घासत एकेक अवयव स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचा. डोळ्यांनी पाहिलेले आणि शास्त्रात वाचलेले ही दोन्ही एकत्र आली म्हणजेच ज्ञान वाढते, असे सुश्रुताचे म्हणणे आहे. त्याच अध्यायात पेशी, म्हणजे स्नायू, पाचशे मोजले आहेत. त्यांतल्या चारशे हातापायांत, सहासष्ट धडात आणि चौतीस मानेच्या वर. आजचे शरीररचनाशास्त्र सहाशेच्या वर मोजते. ही तफावत कुठून आली, सुश्रुताने काय एक धरले आणि आपण ते दोन का धरतो, हा प्रश्न विद्यार्थ्याने टेबलावर उभा राहून विचारावा असा आहे. तो प्रश्न वहीत येतच नाही, कारण वहीत पाचशे ही संख्याही उतरवलेली असते आणि सहाशेही, आपापल्या पानावर, एकमेकींना कधीही न भेटता.

माणसाच्या शरीरातही पुस्तकाला न जुमानणारे स्नायू आहेत. मनगटाकडे उतरणारा पाल्मारिस लाँगस हा बारीक स्नायू बऱ्याच माणसांत नसतो. काहींच्या एका हातात असतो, दुसऱ्यात नसतो. अंगठा करंगळीला टेकवून मनगट थोडे वाकवले की तो असेल तर त्याची दोरी कातडीखाली उठून दिसते. हाताचे सर्जन दुसरीकडचा तुटलेला टेंडन सांधायला हाच वापरतात, त्यामुळे तो आहे की नाही हे आधी पाहणे ही शस्त्रक्रियेची पहिली पायरी ठरते. ज्या टेबलावरच्या देहात तो नाही, त्या टेबलावरच्या आठ-दहा विद्यार्थ्यांच्या वह्यांत तो नाही असे लिहिलेले सापडायला हवे. ते लिहिलेले असते का? आकृतीत तो काढलेला असतो, कारण पुस्तकात आहे. नसलेली गोष्ट दिसली असे लिहिण्याची ही सवय इथे, सतरा-अठराव्या वर्षी लागते, आणि पुढे त्याच हातात केसपेपर येतो. २००२ च्या आचारसंहितेने डॉक्टरांना रुग्णाची कागदपत्रे तीन वर्षे जपायला आणि मागितल्यावर बहात्तर तासांत द्यायला बांधून ठेवले आहे. केसपेपरवर खाडाखोड चालत नाही, मागाहून लिहिलेले चालत नाही, न तपासलेली नाडी लिहिलेली तर अजिबात चालत नाही. हे सगळे आपण इंटर्नशिपमध्ये शिकवायला जातो. तोवर पहिल्या वर्षाच्या जर्नलने उलट शिक्षण देऊन झालेले असते.

मग स्नायू पाहायचा कुठे? यासाठी एकही जीव नव्याने मारावा लागत नाही. चिकन सेंटरवर मिळणारी, कातडीसकट, पंजासकट अख्खी कोंबडीची तंगडी पुरेशी आहे. ती खाण्यासाठी कापलेली असते, तीन-चार विद्यार्थ्यांना एक पुरते आणि खर्च किरकोळ. कातडी सोलली की तिच्याखालचा पातळ पडदा दिसतो. तो कापला की एरवी एकच गोळा वाटणारे मांस बोटाने वेगळे होऊ लागते, आणि ज्याला आपण रस्स्यातला पीस म्हणतो तो वेगवेगळ्या दिशांनी जाणाऱ्या स्नायूंची गुंफण आहे हे हाताला कळते. मागच्या बाजूचा मोठा स्नायू हा बेडकाच्या त्या प्रसिद्ध पोटरीच्या स्नायूचाच भाऊबंद. बेडकात आणि माणसात त्याची मांडणी वेगळी, कोंबडीत वेगळी, आणि किती शिरे मोजता आली हे प्रत्येकाने आपापले लिहावे. खाली पांढऱ्या दोऱ्या एकावर एक रचून सांध्यामागून पंजाकडे जातात. त्यांतली एक चिमट्याने ओढली की मेलेल्या पायाची बोटे मिटतात. हा क्षण कोणत्याही आकृतीत सापडत नाही. कोणती दोरी ओढल्यावर कोणते बोट हलले, हे चार टेबलांवर चार तऱ्हेने लिहिले गेले तर तिथेच खरा धडा सुरू होतो. ब्रॉयलरची तंगडी आणि गावरान कोंबडीची तंगडी शेजारी ठेवली तर मांसाचा घट्टपणा, रंग, दोऱ्यांचा चिवटपणा सगळे वेगळे लागते. कापल्यावर काही तासांत स्नायू ताठरतो आणि पुढे पुन्हा मऊ पडतो, म्हणून कोंबडी किती वाजता कापली हेही विचारून लिहावे लागते. हातमोजे, नंतर साबणाने हात धुणे आणि उरलेल्या मांसाची नियमाप्रमाणे विल्हेवाट, एवढी काळजी पुरे. कायद्याच्या अंगाने शंका राहू नये म्हणून विद्यापीठाने प्राण्यांवरील प्रयोगांवर देखरेख ठेवणाऱ्या समितीचे मत आधीच घ्यावे. ते प्रत्येक महाविद्यालयावर सोडू नये.

पहिला आक्षेप भावनेचा येईल, आणि तो मी सर्वांत गंभीरपणे घेतो. आपल्या विद्यापीठाच्या परिसरातून गजपंथाचा डोंगर दिसतो. जैनांचे ते सिद्धक्षेत्र आहे आणि नाशिकमध्ये मांसाला स्पर्श न करणारी घरे हजारो आहेत. त्या घरातल्या मुलीला तंगडी हातात घ्यायची सक्ती करणे अन्यायाचे होईल, आणि सक्तीची गरजही नाही. तिने स्वतःच्या हाताचे स्नायू तपासावेत. मूठ आवळताना कोपराखाली काय फुगते, मनगट वाकवताना कोणती दोरी उठते, उजवा आणि डावा हात सारखे आहेत का, हे टिपावे. नियम मात्र तोच. त्या दिवशी, तिथे, स्वतः पाहिलेले. तिचे पान तंगडीच्या पानाइतकेच मोलाचे धरावे. स्नायू कुणाचा हा प्रश्न दुय्यम आहे, हे यावरून स्पष्ट व्हावे.

दुसरा आक्षेप संगणकाचा. पडद्यावर बेडकाचा स्नायू हवा तितक्या वेळा आकसतो, झटक्याची ताकद बदलता येते, थकवा दाखवता येतो, मग तंगडीचा खटाटोप कशाला? पडद्याला माझा विरोध नाही. विजेचा झटका आणि वेळेचे मोजमाप तंगडीत दाखवताही येणार नाही. ते पडद्यावरच पाहावे. पण मग जर्नलमध्ये तसेच लिहावे, की अमुक तारखेला अमुक प्रणाली चालवली, झटका इतका ठेवला, पडद्यावर हे दिसले. छापील प्रात्यक्षिक पुस्तकांतून उतरलेली, बेडकाचा मेंदू नष्ट करून स्नायू वेगळा काढल्याची कृती त्या पानावर राहता कामा नये. जे केले नाही ते केले असे लिहून घेऊन त्याखाली सही करणे, हा शिक्षकावरही अन्याय आहे. शिवाय पडद्यावरचा स्नायू प्रोग्रॅममध्ये जे घातले त्यापलीकडे काही करत नाही. रिंगर यांचे नळाचे पाणी कोणत्याही प्रोग्रॅमने त्यांना दाखवले नसते.

वेळ आणि संख्या यांचा आक्षेप अध्यापकांकडून येईल. दीडशेच्या वर्गात प्रत्येकाचे पान टेबलावर तपासायचे कसे? इथे मला वाटते आपण आजचा खर्च मोजत नाही. आज दीडशे जर्नल्स पानोपान सह्या करून होतात आणि त्यांतले एकही वाचले जात नाही, कारण वाचण्यासारखे त्यांत काही वेगळे नसते. त्याऐवजी प्रत्येक विद्यार्थ्याची वर्षभरात मोजकी पाच-सहा पाने टेबलावर लिहिलेली असावीत, प्रॅक्टिकल संपताना त्यावर वेळ घालून सही व्हावी आणि नंतर ते पान पुन्हा लिहायचे नाही, एवढा नियम पुरेल. चुकले तर एक आडवी रेघ, खालचे वाचता आले पाहिजे. व्हायवात परीक्षकाने त्यांतले कोणतेही पान उघडून, हे असे का लिहिलेस, एवढे विचारावे. उतरवलेले पान या प्रश्नापुढे अर्धे मिनिटही टिकत नाही. सुबक आकृत्यांची सवयही मोडू नये. नावे पाठ व्हायला त्या उपयोगी पडतात आणि परीक्षेत त्या काढाव्याच लागतात. त्यांची वही वेगळी असू द्यावी आणि तिला जर्नल म्हणू नये. राहता राहिला गुणांचा प्रश्न. चुकीचे निरीक्षण लिहिले तर गुण जातील या भीतीने मुले पुन्हा पुस्तकच लिहितील, हे खरे आहे, आणि ही भीती एका परिपत्रकाने जाणार नाही. ‘पुस्तकाशी जुळले नाही’ असा एक रकाना पानावर छापलेला असेल, आणि तो भरला म्हणून गुण मिळतात हे पहिल्या बॅचने पाहिले, तर मात्र दुसऱ्या बॅचला सांगावे लागणार नाही.

तेव्हा विनंती छोटी आहे. येत्या पहिल्या वर्षाच्या वर्गापासून शरीररचना आणि शरीरक्रिया या दोन विषयांत स्नायूंच्या प्रॅक्टिकलसाठी एक पान विद्यापीठाने स्वतः आखून द्यावे. तारीख, सुरू केल्याची आणि संपवल्याची वेळ, टेबलाचा क्रमांक, सोबतचे विद्यार्थी, काय घेतले, कुठून आणले, किती वाजता कापलेले, उजवा पाय की डावा, ब्रॉयलर की गावरान. त्याखाली मोकळी जागा, आकृतीसाठी आणि ओबडधोबड वाक्यांसाठी. मग तो न जुळलेल्या गोष्टींचा रकाना. आणि तंगडी ओली ठेवायला जे मिठाचे द्रावण वापरले, ते कोणत्या पाण्यात केले होते, गंगापूर धरणातून येणाऱ्या नळाच्या की डिस्टिल्ड, यासाठीही एक ओळ ठेवावी.

कळावे,

आपला विश्वासू,
एक नाशिककर